बिनगाठीचा दोरा

१

"सिस्टर, आमच्या वसाहतीतली बाळं खुळखुळा वाजवला तरी बघत का नाहीत?"

प्रश्न टकळीच्या तोंडातून सुटला. दवाखान्याच्या ओसरीत बाळांचं वजन करायला आलेल्या बायकांची रांग होती. सगळ्या बायका टकळीकडे बघायला लागल्या. वजनकाट्यावरचं बाळ तेवढं पाय हलवत होतं.

खरं तर ही पैज होती. मधल्या सुट्टीत बटू आणि चष्मिस या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी लावलेली. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानाही कानाच्या पाळ्या लाल करून घेणारी ही पोरगी वक्तृत्वात पहिली काय आली, आणि तेव्हापासून तिचं तोंड मिटेना. टकळी हे नाव त्यातूनच पडलं. "एवढी बोलतेस ना," बटू म्हणाली होती, "मग विचार सिस्टरना. सगळ्यांसमोर हं, कानात नाही." चष्मिसचा भाऊ आठ महिन्यांचा झाला तरी बसत नव्हता. खुळखुळा वाजवला की तो पंख्याकडे बघत राहायचा. मोठी माणसं म्हणायची, होईल हळूहळू.

वसाहतीतले सगळे जण फुलांच्या कंपनीत कामाला. टेकडीच्या उतारावर तिची चौदा ग्रीनहाऊस, पलीकडे पॅकिंगची शेड, आणि कंपनीच्या फाटकासमोरच हा दवाखाना.

"कुणी शिकवलं तुला हे?" रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या सुपरवायझर ताईंनी विचारलं. त्यांचा आवाज ऐकून मोठी माणसंसुद्धा सरळ उभी राहायची.

"कुणी नाही. मी बघितलं."

दारात मॅनेजर होते, कसल्याशा दाखल्यांवर डॉक्टरांची सही घ्यायला आलेले. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा केला.

सिस्टरनी मात्र बाळाला काट्यावरून उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "हाच प्रश्न मी वर्षभर वहीत लिहितेय. कुठलं बाळ कधी पालथं पडलं, कधी बसलं, घंटीकडे वळलं की नाही. ती वही आज मोठ्या दवाखान्यात जातेय. तिथले तज्ज्ञ काय ते सांगतील."

आतल्या खोलीतल्या टेबलावर पांढऱ्या कापडात शिवलेलं पुडकं तयार होतं. टपालाची गाडी चार वाजता यायची.

त्याच खोलीत पडद्यामागे एक खाट होती. टकळीच्या आईला पाचवा महिना होता. रक्तदाब जरा वाढलेला दिसला म्हणून सिस्टरनी तिला तिथे अर्धा तास पडायला लावलं. निघताना आईने टकळीचा दंड असा पकडला की दोन दिवस दुखत होता.

"सगळ्यांसमोर?" एवढंच ती म्हणाली.

२

आठ दिवसांनी पुडकं परत आलं. सोबत चिठ्ठी होती: 'वहीऐवजी गुलाबांची चित्रं पाठवण्याचं कारण कळवावं.'

आत कंपनीचा जुना कॅटलॉग होता, फुलांच्या रंगीत फोटोंचा. वहीचा पत्ता नव्हता. सकाळीच वसाहतभर बातमी झाली.

शाळा सुटल्यावर टकळी दवाखान्यात गेली तेव्हा सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात ते उसवलेलं कापड. नेहमी इस्त्रीच्या घडीसारखी ताठ असणारी ही बाई आज वाकली होती.

"दुसरी प्रत?"

"नाही. एक माणूस, चारशे केसपेपर. प्रत कधी करू?" त्यांनी चष्मा काढून डोळे दाबले. "नोंदी नाहीत तर मोठ्या दवाखान्यातले इथे तपासायला कुणाला पाठवणार नाहीत. पुन्हा वर्षभर लिहायचं. आणि तोवर आणखी बाळं येतील."

येणाऱ्या बाळांतलं एक कुणाचं, हे दोघींनाही ठाऊक होतं. आपण तोंड उघडलं नसतं तर वही गेली असती, हा विचार सकाळपासून तिच्या मानगुटीवर बसला होता.

"मी शोधते," ती म्हणाली.

"तू?"

"पैज लागली तर मी काहीही करते. आता मीच माझ्याशी लावलीय."

सिस्टर हसल्या नाहीत, पण कापड तिच्याकडे सरकवलं. टकळीने ते खिडकीपाशी नेलं. पुडक्याच्या तीन बाजू पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवलेल्या होत्या, प्रत्येक टोकाला टपोरी गाठ, आणि दोरा कात्रीने स्वच्छ कापलेला.

"हे माझं," सिस्टर म्हणाल्या.

चौथी बाजू वेगळी होती. करडा, जाड दोरा. टाके बारीक, एकसारखे, सिस्टरच्या टाक्यांपेक्षा कितीतरी देखणे. सुरुवातीला गाठ नव्हतीच, एकाच जागी तीन टाके एकावर एक. आणि दोऱ्याचं टोक कापलेलं नव्हतं. चपटं, पिंजलेलं, जणू उंदराने कुरतडलेलं.

"तुम्ही पुडकं शिवलंत कधी?"

"दहाला. चारला गाडी."

"मधे आत कोण कोण आलं?"

"डॉक्टर. पण त्यांच्यासमोर सतत कुणीतरी पेशंट होता, आणि शर्टाचं बटण तुटलं तर ते माझ्याकडे येतात. मॅनेजर सहीसाठी आले, पाच मिनिटं. सुपरवायझर ताई रक्तदाब तपासायला." सिस्टर थांबल्या. "कॅटलॉगचं म्हणशील तर ओसरीत ढीग पडलाय त्यांचा. कुणीही उचलावा."

टकळीने कापडाची चौथी बाजू पट्टीसारखी कापून घेतली आणि कंपासपेटीत ठेवली. आपल्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तिने तीन नावं लिहिली. डॉक्टरांच्या नावावर लगेच काट मारली.

उरले दोघे. आणि त्या दोघांच्या हाताखाली तिच्या घरातले दोघे कामाला होते.

३

मॅनेजरांच्या खोलीत जायला तिने शाळेच्या प्रकल्पाचं निमित्त काढलं. 'आमच्या परिसरातील उद्योग.' असल्या प्रकल्पाला कुणी नाही म्हणत नाही.

ते खुशीत बोलले. किती फुलं, किती देश, किती अंश तापमान. खिडकीतून ग्रीनहाऊसची रांग दिसत होती. सात नंबरच्या दारावर लाल झेंडा लटकत होता.

"तो कशाला?"

"आत फवारणी झाली की झेंडा. चोवीस तास कुणी पाऊल टाकायचं नाही. फवारणीवाले सोडून. त्यांना अंगभर डांगऱ्या, मास्क, हातमोजे, सगळं. काम संपलं की इथेच आंघोळ, मग घर. तुझ्या वडिलांना विचार."

विचारायची गरज नव्हती. बाबा फवारणीवर होते आणि त्यांचं हे पालुपद घरात सगळ्यांना पाठ होतं. औषधाचा एक थेंब मी उंबऱ्याच्या आत आणलेला नाही, आणणार नाही. घरी येताना त्यांचे केस नेहमी ओले असायचे.

"आणि पोटुशी बाई?"

मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं. प्रकल्प कुठल्या रस्त्याने चाललाय ते त्यांना कळलं होतं.

"हे बघ. दिवस गेले असं बाईने सांगितलं की त्याच दिवशी तिला ग्रीनहाऊसमधून बाहेर काढतात. शिवणखोलीत बसून काम. कुठे आहे असं? तेव्हा औषधाचा आणि बाळांचा संबंध जोडू नकोस. लागतच नाही." ते जरा पुढे झुकले, आवाज खाली आला. "आणि एक सांगतो, मुली. बाहेरून चौकशी आली ना, तर वरचे लोक पहिली ती शिवणखोली बंद करतील. पोटुशा बायका घरी. तुझी आईसुद्धा. हे मी त्या दिवशी दवाखान्यात तुमच्या ताईंनाही सांगितलंय, ऐकणाऱ्या सगळ्यांनी ऐकलंय."

"तुम्हाला शिवता येतं का?" टकळीने विचारलं.

"काय?"

"सुई-दोरा. येतो चालवता?"

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिचं उत्तर तिला मिळालं. पाच मिनिटांत एक बाजू उसवायची, वही काढायची, कॅटलॉग भरायचा आणि इतक्या बारीक टाक्यांनी पुन्हा शिवायची, हे या माणसाच्या सात पिढ्यांना जमलं नसतं.

दुसऱ्या नावावर काट.

बाहेर येताना तिने पुन्हा त्या लाल झेंड्याकडे पाहिलं. मॅनेजर खोटं बोलत नव्हते. झेंडा खरा, आंघोळ खरी, बसून काम खरं. मग औषध बाळांपर्यंत पोचत होतं कुठून? की पोचतच नव्हतं, आणि आपण उगाच साप साप म्हणून भुई धोपटत होतो?

४

दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा. आईचा डबा घरीच राहिला होता. राहिला होता म्हणजे टकळीने तो सकाळी पिशवीतून काढून कपाटामागे ठेवला होता.

शिवणखोली शेडच्या मागच्या अंगाला होती. चार खुर्च्या, एक पंखा, भिंतीला टेकलेला डांगऱ्यांचा ढीग. चौघीजणी मांडीवर कपडा घेऊन शिवत होत्या. चौघींची पोटं वेगवेगळ्या महिन्यांची. चष्मिसची काकू होती, नवव्यात. आई पंख्याखाली, सात नंबरची डांगरी मांडीवर. फवारणीवाल्यांत सात नंबर म्हणजे बाबा. ती डांगरी आई दुसरीला हात लावू द्यायची नाही.

"नवऱ्याचं सगळं फाटकं माझ्याच नशिबी," ती म्हणाली आणि बायका हसल्या.

खोलीत कसलासा वास होता. ओल्या लसणासारखा, नाकात नव्हे तर जिभेवर जाणवणारा.

"औषधाचा वास आहे हा?"

"वाळलेलं आहे ते," काकू म्हणाली. "वाळलं की मेलं. ओल्याला हात लावायचा नसतो."

सुपरवायझर ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. टकळीला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं, आपलं घर पाहुण्याला दाखवताना असतं तसं.

"ही खोली मी भांडून घेतली," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत बादल्या उचलल्यात मी. माझं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, माझ्या बायकांना खुर्ची मिळालीच पाहिजे."

"हे कपडे धुतलेले नाहीत का?"

"फाटकं आधी शिवायचं, मग धुवायचं. तसंच मशीनमध्ये टाकलं तर बोटभर फाटलेलं हातभर होतं. ही शिस्त माझी."

"तुम्हीही शिवता?"

ताईंनी उजवा हात पुढे केला. तीन बोटं वाकलेली, सरळ होत नव्हती. "दहा वर्षं झाली, सुई धरता येत नाही."

टकळीच्या डोक्यातल्या यादीत आता एकही नाव उरलं नव्हतं. ती डबा खाली ठेवायला वाकली आणि तिची नजर टोपलीकडे गेली. टोपलीत करड्या, जाड दोऱ्याची रिळं होती. कात्री नव्हती.

"कात्री कुठाय?"

"काय करायचीय कात्री?" काकू हसली. दोऱ्याचं टोक तिने जिभेवर ओलं केलं, सुईत ओवलं, चार टाके घातले, आणि मग मांडीवरच्या डांगरीवर तोंड टेकवून दोरा दाताने तोडला. कट्.

शेजारचीनेही तसंच केलं. मग तिसरीने. मग आईने.

टकळी तिथून निघाली तेव्हा आपण धावतोय हे तिला फाटकापाशी पोचल्यावर कळलं.

५

संध्याकाळी बाबा ओल्या केसांनी घरी आले. टकळीच्या शाळेच्या स्कर्टचा काठ धावताना उसवला होता. आईने काही न विचारता तो ओढून घेतला आणि ओच्यात टोचलेली, करडा दोरा ओवलेली सुई काढली. ती सुई तिच्याजवळ नेहमी असायची, झोपतानासुद्धा उशीशी.

टकळी समोर बसून बघत राहिली. आईने गाठ मारली नाही. एकाच जागी तीन टाके घातले, एकावर एक, आणि मग काठ धरून पुढे गेली. बारीक, एकसारखे.

टकळीने कंपासपेटी उघडली आणि कापडाची पट्टी आईच्या गुडघ्यावर ठेवली. स्कर्टच्या काठाशेजारी.

बाबा टॉवेल हातात घेऊन उभे होते. "काय आहे ते?" त्यांनी विचारलं.

"आई त्या दिवशी अर्धा तास आतल्या खाटेवर पडली होती," टकळी म्हणाली. वक्तृत्वात पहिला आलेला तिचा आवाज आता थरथरत होता. "मी सगळ्यांची नावं लिहिली, बाबा. आईचं लिहिलंच नाही."

आईने सुई खाली ठेवली. उठली, येणाऱ्या बाळासाठी जमवलेल्या दुपट्यांच्या गठ्ठ्यात हात घातला आणि निळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

"चोर म्हण मला," ती म्हणाली. "म्हण. पण तू सगळ्यांसमोर विचारलंस, आणि ताईंना मॅनेजर म्हणाला की चौकशी आली तर खोली बंद. पडद्याआडून ऐकलं मी. चौघींची खुर्ची गेली असती. ताईंनी किती वर्षं भांडून घेतलेली खुर्ची. आणि त्या वहीत आपलं काय वाईट असणार? आम्ही तर ग्रीनहाऊसच्या जवळपासही नाही."

"वाचलीस?" टकळीने विचारलं.

"नाही. हिंमत नाही झाली."

टकळीने वही उघडली. सिस्टरचं अक्षर लहान होतं, पण सरळ. अकरा बाळं. प्रत्येकाची मान, पालथं पडणं, बसणं, घंटी. शेवटच्या रकान्यात: आईचं काम.

ती मोठ्याने वाचायला लागली. पॅकिंग, वेळेवर. शीतगृह, वेळेवर. शिवण, मागे. ऑफिस, वेळेवर. शिवण, मागे. चष्मिसच्या भावाची ओळ आली तेव्हा ती क्षणभर अडखळली. शिवण. वाचून संपलं तेव्हा वेळेवरची सहा बाळं एका बाजूला होती आणि मागे पडलेली पाच दुसऱ्या बाजूला, आणि त्या पाचही बाळांच्या आयांनी शिवणखोलीत नऊ महिने बसून काम केलं होतं. उरलेल्या सहा जणींत एक बाई अशीही होती जिने सातव्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलंच नव्हतं. पॅकिंगमध्ये उभी राहून राबली, शिवणखोलीत कधी बसलीच नाही. तिचं बाळ पाचव्या महिन्यात घंटीच्या आवाजाकडे वळलं होतं.

"ज्यांना जपलं त्यांचीच," आई हळूच म्हणाली.

"खाली सिस्टरनी लिहिलंय," टकळी म्हणाली. "'अकरा बाळांवरून काही सिद्ध होत नाही. पण शिवणखोलीत काय आहे ते कुणीतरी बघावं.' मी बघितलंय, आई. डांगऱ्या धुवायच्या आधी तुमच्या मांडीवर येतात. कात्री नाही. दोरा तोंडात, पुन्हा सुईत, पुन्हा तोंडात. दिवसातून किती वेळा तोडतेस तू?"

आईने मोजायचा प्रयत्न केला. तिचे ओठ हलले आणि मग तिने तळहात तोंडावर दाबून धरला.

बाबा खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवरच. "मी एक थेंब घरी आणला नाही," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, अगदी बारीक आवाजात, "एक थेंबही नाही." सात नंबरची डांगरी कोण शिवतं हे त्यांना माहीत होतं.

"पण वाळलं की मेलं, असं सगळे म्हणतात," आई म्हणाली. आता ते सांगणं नव्हतं, विनवणी होती.

"ते कुणी तपासलंय का?"

आईचा एक हात पोटावर गेला. तिने विचारलं, "याला काही झालं असेल का गं?"

टकळीच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. ते तिने गिळलं. "मला माहीत नाही. सिस्टरनाही माहीत नसेल. पण अजून चार महिने आहेत, आणि ते चार महिने आपल्या हातात आहेत."

"वही दे मला," बाबा एकदम म्हणाले. "मी विचार करतो. मॅनेजरशी नीट बोलतो. ताईंना कळलं तर त्या मोडून पडतील. त्यांच्या हाताने झालंय हे. आपण दोघं तिथेच कामाला आहोत, हे विसरू नकोस."

"विसरले नाही."

"मग?"

टकळी उठून उभी राहिली. वही तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. आवाज आता थरथरत नव्हता.

"उद्या मी शाळेत जाणार नाही. सकाळी सिस्टरकडे जाऊन या वहीची प्रत करणार, हाताने, सगळी. मग शिवणखोलीत जाणार आणि ताईंना सगळ्यांत आधी सांगणार, कारण त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मग त्या चौघींना वाचून दाखवणार. खोली बंद करा असं मी कुणालाही म्हणणार नाही. खुर्ची राहू दे, पंखा राहू दे, डांगऱ्या आधी धुऊन येऊ देत, एवढंच म्हणणार. आणि वही चारच्या गाडीने जाणार, मी स्वतः गाडीत ठेवणार. वही कुणी घेतली असं विचारलं तर माझ्या आईने घेतली होती आणि तिनेच परत दिली, असं मी सांगणार. बाबा, तुम्ही मला अडवू शकता. पण मला विचारायचं नाहीये, मी सांगतेय."